हिची लांबची मशिनं

शेवटचं म्हणजे आम्ही वाल सोलले.

मोड आलेले कडवे वाल, कोमट पाण्यात टाकलेले. चिमटीत धरून दाबला की साल हातात राहतं आणि दाणा टोपात पडतो. लग्न झाल्यापासून हे काम आम्ही दोघांनी मिळूनच केलं. एकट्याने केलं तर कंटाळा येतो आणि दोघांनी केलं तर भांडण होतं, आणि कंटाळ्यापेक्षा भांडण बरं असं हिचं म्हणणं. त्या दिवशी भांडण झालं नाही. समोर स्टुलावर हिचा लॅपटॉप उघडा होता. हात ओले, म्हणून मधूनच मला सांगायची, "अहो, बोट पुसा आणि तिथे जरा खाली ओढा." मी ओढायचो. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी सरकायच्या. ही चष्म्यावरून बघायची आणि परत वाल.

"चाललंय का बरं?" मी विचारलं.

"चाललंय. रात्रीपर्यंत होईल. सकाळी रेजिना येईल, आम्ही सगळं खाली उतरवून घेऊ."

"आणि नाही घेतलं तर?"

"उद्या दुपारी बाराला पुसून टाकतात."

"कोण?"

"ज्यांची मशिनं आहेत ते. मुदत संपते उद्या."

"मग त्यांना सांग ना, जरा थांबा म्हणून."

"दोनदा सांगून झालंय. दोनदा थांबले. आता नाही थांबणार." मग माझ्या टोपात डोकावून म्हणाली, "निम्म्या दाण्यांना साल तसंच आहे तुमच्या. लक्ष कुठाय?"

दुपारी बिरडं-भात जेवलो. चांगलं झालं होतं. मग ही आडवी झाली, म्हणाली, चहाला उठवा. मी चहा टाकला, उठवायला गेलो. उठली नाही. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही.

मी लिहायला बसलो त्याला कारण आहे. ही ज्या कॉलेजात होती त्यांनी आपल्या मासिकात हिच्यावर चार ओळी छापल्या. 'संशोधनासाठी क्लाउड संगणन उपलब्ध करून देण्यात मोलाचं योगदान', 'मितभाषी', 'सदैव हसतमुख'. मी दोनदा वाचल्या. ही बाई कोण, मला ओळखू येईना. मितभाषी? आमच्या मजल्यावर विचारा. हसतमुख तर ती लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. म्हणून म्हटलं, आपण लिहू. माझं शिक्षण सातवी. चुका असतील. ज्याला वाचायचं तो वाचेल.

आमचं गाव रत्नागिरीकडचं. ही बारावी झालेली, मी सातवी, आणि लग्न ठरवताना ते कोणी लपवलं नाही. मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला. संध्याकाळी घरी आलो की दात आणि डोळे सोडून सगळा काळा. ही आधी मुंबईच्या त्या कॉलेजात टायपिस्ट होती. मग टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, बाकीच्या बायका घाबरल्या, ही त्या खोलीत जाऊन बसली ती रिटायर होईपर्यंत उठली नाही. रिटायर झाल्यावरही त्यांनी सोडली नाही. पीएचडी करणारे, शिकवणारे, ज्यांना मोठी आकडेमोड करायची असायची पण कॉलेजात तेवढं मशीन नसायचं, ते हिला फोन करायचे. आम्हाला मूल नाही. हे आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी शोधत बसणार नाही.

हिचं काम काय, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एकदा गाळ्यावरच्या माणसांनी विचारलं, भाभी क्या काम करती है, तर मी सांगितलं, ऑफिसमध्ये. घरी येऊन हिला विचारलं. ही म्हणाली, "तुमच्या गाळ्यात मोठा प्रेस आहे?"

"नाही. शेठला परवडतोय होय?"

"मग मोठं पातेलं करायचं असलं की?"

"पत्रा कापून पलीकडच्या गाळ्यात पाठवतो. त्यांचा प्रेस आहे. ते दाबून देतात, आपण परत आणून पॉलिश करतो."

"तेच. मोठा प्रेस दुसऱ्याचा, लांब कुठेतरी. आमची पोरं पत्रा पाठवतात, तिथे दाबून घेतात, परत आणतात. पत्रा नीट कापून द्यायचा आणि भांडं आठवणीने परत आणायचं, एवढं माझं काम."

"मग त्याला ढग कशाला म्हणतात?"

"नाव मी नाही ठेवलं."

तेव्हापासून मला कळलं. आजही कोणी क्लाउड म्हटलं की मला पलीकडचा गाळा दिसतो, आणि बाहेर उन्हात रांगेने ठेवलेले पत्रे.

हिला दोन गोष्टींचं वेड होतं. एक म्हणजे आधी थोडंसं करून बघायचं. कोणी म्हणालं, मॅडम, सगळं पाठवून देतो मशीनवर, की ही म्हणायची, "सगळं नाही. चिमूटभर पाठव. चिमूट जळली तर जळू दे, टोप जळायला नको." घरात पण तेच. भाजीवाला नवीन असला की एक वांगं घ्यायची. एक. स्टेशनजवळचा तो भैया वैतागायचा. "आंटी, एक बैंगन से क्या होगा?"

"पता चलेगा."

"क्या पता चलेगा?"

"तेरा बैंगन कैसा है."

तो माझ्याकडे बघायचा. मी दुसरीकडे बघायचो. दुसऱ्या दिवशी ही जाऊन अर्धा किलो घ्यायची, नाहीतर त्याच्यासमोरून ताठ मानेने पुढे जायची आणि त्याला समजायचं. माझ्याशी लग्नसुद्धा असंच केलं असतं हिने, सोय असती तर.

दुसरं वेड म्हणजे वाचायला लावणं. मशीनवर काही बिघडलं की लाल अक्षरं येतात. पोरं ती बघूनच घाबरतात आणि फोन करतात. ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायची, हाताने कांदा चालू. पलीकडून कोणीतरी रडकुंडीला आलेलं. "मॅडम, सगळं गेलं, लाल आलंय."

"काय लिहिलंय?"

"एरर आलाय मॅडम."

"ते कळलं. लिहिलंय काय? मोठ्याने वाच. पहिल्यापासून."

पलीकडचा माणूस अडखळत वाचायला लागायचा. निम्म्या वेळा वाचता वाचताच गप्प व्हायचा. मग हळूच, "मॅडम, मी फाईलचं नाव चुकीचं दिलंय."

"जेवलास?"

"नाही अजून."

"आधी जेव."

आणि फोन बंद. लाल अक्षरं म्हणजे शिवी नाही, निरोप आहे, असं ती म्हणायची. मला पण हेच. बँकेतून मेसेज आला, सोसायटीची नोटीस लागली, डॉक्टरने गोळ्या दिल्या, मी म्हणायचो, बघ गं काय आहे. बघायची नाही. "वाचा." मी चिडायचो. मी सातवीचा माणूस, डोळ्यांत पॉलिशची धूळ गेलेली, वाचायला जीव जातो. ती बसून राहायची, मी संपवेपर्यंत. मदत करायची नाही आणि उठायची पण नाही. त्याचा मला त्या वेळी राग येई.

आता रेजिनाचं सांगतो.

रेजिना चौकची. चौक म्हणजे उत्तनच्या पुढचं कोळ्यांचं गाव, समुद्राला लागून. बाप होडीवर होता, आता नाही. ही पोरगी एका कॉलेजात शिकवते आणि शिकवता शिकवता पीएचडी करते. विषय काय, तर आपल्या गावची बोली. चौक, डोंगरी, उत्तन, त्या बाजूचे म्हातारे कसे बोलतात ते तिने घरोघर फिरून रेकॉर्ड केलं होतं. आता एवढं बोलणं कानाने ऐकून लिहायचं तर जन्म जाईल. म्हणून मशीनला शिकवायचं. थोडं आपण लिहून द्यायचं, हा आवाज आला की हा शब्द, आणि मग उरलेलं मशीन ऐकून लिहितं. त्याला लागतं मोठं मशीन. म्हणून ती हिच्याकडे आली. संशोधनासाठी काही ठिकाणी असं मशीन फुकट वापरायला देतात, ठरावीक मुदतीसाठी. हिने अर्ज केला, मिळालं. खातं हिच्या नावावर, आत शिरायचं तर आकडा हिच्या मोबाईलवर येणार.

हिने एक चूक केली ती मी सांगणार आहे. मासिकवाल्यांनी ती लिहिली नाही. ती काढली तर ही कळत नाही.

चालू राहिलेलं रिकामं मशीन हिला बघवायचं नाही. उघडा राहिलेला नळ जसा. पोरं काम संपवून तसंच सोडून जायची, ही घरबसल्या बघायची आणि बंद करायची. एका रविवारी हिने बघितलं, रेजिनाचं मशीन चालू आहे आणि काहीच करत नाही. केलं बंद. आणि चहा घेऊन गॅलरीत बसली.

त्या मोठ्या मशीनबरोबर ठेवायला एक जागा मिळते, ती मशीन चालू असेपर्यंतच. बंद केलं की साफ. जपून ठेवायचं ते दुसऱ्या, कायमच्या जागेत हलवायचं असतं. हे हिला पाठ होतं. पण हिला वाटलं रेजिनाने हलवलं असेल, आणि रेजिनाला वाटलं मॅडम हलवतात. म्हाताऱ्यांचे आवाज कायमच्या जागेत होते, ते वाचले. पण रेजिनाने कानाला लावून लावून जे लिहिलं होतं, कुठला आवाज, कुठला शब्द, वर्षभराचं, ते सगळं त्या तात्पुरत्या जागेत. दुसऱ्याच्या गाळ्यात आपली हत्यारं ठेवून यावं आणि शटर पडावं, तसं झालं.

सोमवारी कळलं. हिने फोन हातात घेतला, ठेवला. मग साडी बदलली आणि मला म्हणाली, "चला. चौकला जायचंय."

"फोनवर सांग की."

"हे फोनवर सांगायचं नाही."

स्टेशनवरून बस पकडली. उत्तनच्या पुढे रस्ता वळतो तिथून माशाचा वास सुरू होतो. ही सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. रेजिनाच्या घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, तिची आई खाली बसून जाळं सोडवत होती. रेजिना बाहेर आली. हिने तिथे उभं राहूनच सांगितलं. मी बंद केलं, मी बघायला हवं होतं, बघितलं नाही, गेलं. बसा म्हणाले तरी बसली नाही. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, की हा काहीतरी बोलेल.

रेजिना आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

म्हातारीने जाळ्यातून मान वर केली. "काय गेलं?"

ही म्हणाली, "वर्षाचं काम गेलं, मावशी. माझ्यामुळे."

"आवाज हायत ना? मानसं बोललीत ती?"

"ते आहेत."

"मंग परत ल्हिवा. त्यातली दोगं तर गेली मातीत. ती परत बोलनार न्हाय. तुमी तर जित्या हाव ना."

हिने मान हलवली. मग त्या दिवसापासून हिने तेच केलं. रेजिना शनिवारी आमच्याकडे यायची, दोघी दोन कानटोप्या, म्हणजे ते हेडफोन, लावून बसायच्या, एक ऐकायची, एक लिहायची. हिला ती बोली सगळी कळायची नाही. अडलं की रेजिनाच्या आईला फोन. "मावशी, हा मधला शब्द काय?" मावशी फोनवरून ओरडायची, "मासा सडतो तवा बोलतात तो, तुमी वासावरून शोधा." दोघी हसायच्या. मी पेपर घेऊन गॅलरीत बसायचो. कान दुखले की त्या आवाज मोठ्याने लावायच्या, मग माझ्या घरात अख्खा दिवस म्हाताऱ्या कोळ्यांचे आवाज. कोणी मासळीचा भाव सांगतोय, कोणी वादळाची गोष्ट, कोणी भांडतोय शेजाऱ्याशी. मला सवय झाली. एक म्हातारा होता, डोंगरीचा, मधेच खोकायचा आणि खोकून झालं की म्हणायचा, "कुठं व्हतो मी?" आम्ही घरात तेच म्हणायला लागलो. भाजीत मीठ घातलं की नाही विसरलो की, "कुठं व्हतो मी?"

एक दिवस मी हिला विचारलं, एवढा आटापिटा कशाला? पोरीचं चुकलं तेवढंच तुझं चुकलं. अर्धं तिने करावं. ही म्हणाली, "तिला पदवी मिळेल की नाही ते या कामावर आहे. युनिव्हर्सिटीने शेवटची तारीख दिली आहे. माझं काय आहे? मला कोण विचारतंय?" मी म्हटलं, मी विचारतोय. तर म्हणाली, "मग कानटोपी लावा." मी नाही लावली.

त्यानंतर हिची एक सवय बदलली. काहीही बंद करायच्या आधी विचारायची. पंख्याचं बटण दाबताना हॉलभर बघून, "कोणाला हवाय का?" घरात आम्ही दोघंच. मी समोर बसलेला. तरी विचारायची. गॅसवर दूध नसलं तरी बर्नर बंद करताना म्हणायची, "तुमचं काही आहे का यावर?" मी म्हणायचो, अगं, कोण आहे दुसरं? तरी उत्तर दिल्याशिवाय हात पुढे जायचा नाही. पाहुणे हसायचे. मला ते हसणं आवडायचं नाही, पण का ते सांगता यायचं नाही.

तर, मशीन शिकलं. पहिल्यांदा चिमूटभर दिलं, त्याने भलतंच लिहिलं. दोघी परत बसल्या. परत चिमूट. असं करत करत शेवटी त्या वालाच्या दिवशी सगळं मशीनवर घातलं. शेवटची फेरी. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संपणार. ते उतरवून घेतलं तर रेजिनाचा प्रबंध होणार, नाहीतर युनिव्हर्सिटी नाव काढून टाकणार. एवढं मला माहीत होतं. पेपर वाचत असलो तरी कान उघडे असतात माणसाचे.

संध्याकाळी हिला नेलं. रेजिना आणि तिची आई आल्या होत्या. मागे उभ्या होत्या, बायकांच्या घोळक्यात. रेजिना रडत होती, पण माझ्याजवळ आली नाही. मशीनबद्दल एक अक्षर काढलं नाही तिने. मी तिच्या जागी असतो तर काढलं असतं का, मला माहीत नाही. म्हातारीने तेवढा माझा दंड धरला, सोडला. घरी आलो. रात्री उशिरा गावाहून माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको पोचली. शेजारच्यांनी पिठलं-भात पाठवला होता. कोणीतरी मला वाढलं. मी जेवलो. लोकांना वाटतं माणूस जेवणार नाही. भूक लागते.

सकाळी उठलो, तर हॉलमध्ये स्टूल नव्हतं. तिथे सतरंजी घातलेली, माणसं येऊन बसत होती. प्रत्येक जण तेच विचारत होता, अचानक कसं काय. मी प्रत्येकाला तेच सांगत होतो. तिसऱ्या-चौथ्या माणसाला मी म्हटलं, ह्यांना विचारा, आणि भावाकडे बोट दाखवलं. दमलो होतो. भाऊ म्हणाला, "दादा, तयार हो. सावडायला बोलावलंय सकाळचं. उशीर नको."

मी विचारलं, "लॅपटॉप कुठाय?"

भावजय म्हणाली, "कपाटात ठेवला दादा. जागा होत नव्हती."

काढला. बॅटरी संपलेली. पॉइंटवर पाहुण्यांचे तीन मोबाईल चार्जिंगला लावलेले. मी ते काढले आणि हिचा लावला. मग हिच्या फोनवरून रेजिनाला फोन केला. हिचं नाव बघून ती दचकली असणार.

"मी बोलतोय," मी म्हटलं. "कुठे आहेस?"

"घरी आहे काका."

"इथे ये. बारा वाजता पुसणार ना ते?"

"काका, आज कसं... राहू दे. मी युनिव्हर्सिटीला पत्र लिहीन. सांगेन असं झालं म्हणून."

"थांबतील ते?"

"मॅडमनी दोनदा मुदत मागून घेतली होती काका."

"नाही ना थांबणार? मग रिक्षा कर आणि ये. बसची वाट बघू नकोस."

फोन ठेवला तर सगळे माझ्याकडे बघत होते. भाऊ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "दादा, लोक बसलेत. आणि सुतकात हे काय काढलंस? तिकडे तो माणूस वाट बघत असेल, अस्थी..."

"अस्थी कुठे जात नाहीत," मी म्हटलं. "हे जातंय."

"पण नंतर नाही का करता येणार?"

"नाही."

त्याला पटलं नाही. त्याचा दोष नाही. तो आदल्या दिवशी गावाहून आलेला माणूस, त्याला काय माहीत आमच्या घरात शनिवारी कोण बोलायचं.

रेजिना आली. चेहरा सुजलेला, हातात एक डबी, त्यात उतरवून घ्यायचं. सतरंजीच्या कडेने चपला काढून उभी राहिली. मी तिला आतल्या खोलीत बसवलं. लॅपटॉप चालू झाला. तिने काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "काका, मॅडमच्या मोबाईलवर आकडा येईल. तो सांगा."

आला. चष्मा हॉलमध्ये. तो शोधून आणेपर्यंत आणि एकेक आकडा सांगेपर्यंत ती म्हणाली, "गेला काका. वेळ संपली त्याची. परत मागवते." मी म्हटलं, मागव. परत आला. या वेळी मी चष्मा घालून, फोन दोन्ही हातांत धरून बसलो होतो. बोट ठेवून एकेक आकडा वाचला. बाहेर कोणीतरी रडायला लागलं होतं, नवीन आलेलं. मी थांबलो नाही.

मशीनमध्ये आत गेली ती. बघत राहिली.

"झालंय का?" मी विचारलं.

"झालंय काका. सगळं लिहिलंय त्याने."

"मग उतरव."

उतरायला वेळ लागला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. मी पलंगाच्या कडेला बसून बघत होतो. भाऊ दारात येऊन उभा राहिला, गेला, परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्याशेजारी बसला आणि तो पण पट्टी बघायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "हे काय आहे एवढं?"

"चौकची माणसं आहेत," मी म्हटलं. "बोललेली."

पट्टी भरली. रेजिनाने डबीत उघडून बघितलं, एक पान, मग मधलं एक, मग शेवटचं. मग तोंडावर हात धरला. मी म्हटलं, "रडायचं नंतर. आधी अजून एका ठिकाणी ठेव." तिने लॅपटॉपवर पण ठेवलं. घड्याळात बाराला वेळ होता अजून. मी तिला म्हटलं, तू थांब, भावजय चहा देईल, घे, आणि आईला फोन करून सांग.

मग मी शर्ट बदलला आणि भावाबरोबर निघालो.

स्मशानातला माणूस वैतागला होता. किती उशीर, म्हणाला. पाणी शिंपडून ठेवलं होतं त्याने. आम्ही सावडलं. भाऊ मडकं घ्यायला पुढे झाला, मी म्हटलं, माझ्याकडे दे. वर लाल फडकं बांधलं. रिक्षात बसलो आणि मांडीवर ठेवलं. अजून कोमट होतं.